इनिक्विटी आणि अकोल्याचा कूलर

"शब्दाचं मूळ कळलं की माणूस आयुष्यात कुठेही अडत नाही!" अमरावतीत राजापेठेतल्या शिकवणीत मोरोपंत मास्तर हे छाती फुगवून सांगायचे. मे महिन्यात ते लेकीकडे अकोल्याला गेले आणि कूलरपाशी अडले.

श्रावणीच्या घरी कूलर एकच, हॉलच्या खिडकीबाहेर. त्याच्या थेट समोर दिवाण आणि दिवाणावर तिचे सासरे भगवंतराव. मोरोपंतांची सतरंजी कोपऱ्यात. तिथे हवा पोचेपर्यंत तिची वाफ झालेली असे! पण मुलीचा बाप, बोलणार काय? शेवटी एका दुपारी त्यांनी आडून विषय काढला.

"भगवंतराव, इंग्रजीत घोर अन्यायाला इनिक्विटी म्हणतात. मूळ लॅटिन. एक्वस म्हणजे समान, सपाट. त्याच्याआधी 'इन' हा नकार लागला. जिथे समान नाही, तिथे अन्याय!"

"वा! लय गहिरा अर्थ हाय," भगवंतराव कूस बदलत म्हणाले. "पन उकाड्यात काहून बोलून राहिले? झोपा ना."

"पाहुण्याला तिकडे वारा लागत नाही हो."

"पाहुने? इवाईबुवा, तुमी तं घरचेच!" आणि ते घोरू लागले.

घोर अन्याय! मोरोपंत तडक गॅलरीत गेले, तर काय? कूलरचा स्टँडच तिरपा! पाणी सगळं दिवाणाच्या बाजूला, कोपऱ्याकडच्या जाळीतलं गवत कोरडं ठणठणीत. लॅटिनने गुन्हेगार दाखवला होता. आता फक्त सपाट करायचं!

कूलर बंद करावा तर घर जागं होणार. म्हणून त्यांनी चालू कूलरच कमरेत वाकून उचलला आणि एका पायाखाली वीट सरकवली. वर लिंबू ठेवून पाहिलं. लिंबू उलटीकडे घरंगळलं! तिकडे वीट घातली. लिंबू पुन्हा इकडे! विटांवर विटा चढल्या, कूलर खिडकीच्या वर गेला आणि हवा भिंतीवर आदळू लागली. इतक्यात टाकीतलं पाणी डचमळलं. कूलर खिडकीवर ओणवा झाला आणि सगळं पाणी सळसळत दिवाणावर गेलं! पुढचा आवाज फ्यूजचा. पंखेसुद्धा थांबले.

"अरे बापा! कालवा फुटला का काय?" भगवंतराव गादीतून ओरडले.

"बाबा, सासरी मले तोंड दाखवायची जागा ठेवली नाही तुम्ही!" श्रावणी रडायच्या बेतात होती.

"पण बेटा, आता सगळे समान झाले," मोरोपंत पुटपुटले. लेकीने पाहिलं त्या नजरेला लॅटिनमध्येही शब्द नव्हता.

मेकॅनिक म्हणाला, मोटर जळली, सीझन आहे, आठवडा लागेल. भगवंतरावांनी लगेच पिशवी भरली. "इवाईबुवा, काही मनाले लावून घेऊ नका. तुमच्याकडे कूलर हाय ना? चला अमरावतीले!"

राजापेठेत पोचताच मोरोपंत घाईघाईने हॉलमध्ये शिरले. कूलरसमोर स्वच्छ चादर अंथरलेली, उशाशी पाण्याचा तांब्या. जीव सुखावला! ते टेकले तोच बायको, प्रमोदिनी, आडवी आली.

"अहो, उठा! श्रावणीचा फोन आला होता, ते व्याह्यांसाठी आहे. तुमची सतरंजी स्वयंपाकघरात घातली."

"स्वयंपाकघरात? मी?"

"तुम्ही काय, घरचेच!"

मोरोपंत विझलेल्या गॅसशेजारी आडवे झाले. हॉलमधून गार, तृप्त आवाज आला, "इवाईबुवा, त्या शब्दाचा अर्थ पुन्हा एकडाव सांगा ना!"