मिक्सरमधले रहिवासी

मिक्सरच्या बटणाच्या फटीतून बाहेर येणारी मुंगी आधी मिशा बाहेर काढते, मग डोकं. क्षणभर थांबते आणि परत आत जाते. कोणत्याही दुरुस्तीची सुरुवात निरीक्षणाने व्हावी, असं शास्त्र सांगतं. शेवटही निरीक्षणातच व्हावा, ही भर सांगलीचे गुळाचे अडते तवनाप्पा यांनी १९९४ साली घातली.

मिक्सर बंद पडला तेव्हा निदान त्यांनी स्वतःच केलं: बटणात मुंग्या शिरल्या आहेत. निदान अचूक होतं. (घरगुती दुरुस्तीत इथवर सगळेच पोचतात.) कारागीर म्हणाला, "पेट्रोल मारतो, मुंग्या खलास." तवनाप्पांनी मिक्सर उराशी धरून घरी आणला. जैनाच्या घरात मुंगी मारायची नाही, यावर त्यांच्या पत्नीचं, राजमतीचंही दुमत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आवं, जरा उन्हात ठेवा की. आपसूक निघून जातील."

"आणि पाय भाजले तर त्यांचे?"

तोवर वाटण पाट्यावर. राजमतीचं उजवं मनगट आधीच सुजलेलं. डॉक्टरांनी वाटणघाटण बंद करायला सांगितलं होतं. तवनाप्पांना ते तत्त्वतः पूर्ण मान्य होतं. "डॉक्टर बरोबरच बोलत्यात. दुरुस्ती होईस्तवर फक्त कळ काढ."

मुंग्यांनी स्वखुशीने निघावं म्हणून त्यांनी पेठेतला सिद्धांत लावला: माल चोख असला की गिऱ्हाईक चालत येतं. मिक्सरशेजारी एक नंबर गुळाचा खडा ठेवला. मुंग्या आल्या, खाल्लं, आणि पाहुणेरावळे घेऊन परत आत गेल्या. प्रतिसाद उत्साहवर्धक आहे असं ठरवून तवनाप्पांनी खडा मोठा केला. महिन्याभरात मुंग्यांची लोकसंख्या अंदाजे तिप्पट झाली आणि मनगटाचा घेर दीडपट. (दुसरा आकडा कोणी मोजलेला नाही. तो उतरवून ठेवलेल्या बांगड्यांवरून काढला आहे.)

शेजारचे आप्पासाहेब खास बघायला आले. "तवनाप्पा, लय मोठं काळीज हाय गड्या तुमचं!" मग वाटी पुढे करून म्हणाले, "वहिनी, चटणी वाईच आणखी. पाट्यावरची चव काय मिक्सरला येती व्हय!"

वाचकांना हे अती वाटेल. वाटू द्यावं. (आपल्या घरी "बघू या" म्हणून बाजूला ठेवलेल्या यंत्राचं काम सध्या कोणाचे हात करतात, ते त्या हातांना विचारावं आणि मग हसावं.)

एका संध्याकाळी तवनाप्पा रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायला आले. मावळल्यावर त्यांच्या घरी घास घेत नाहीत. ताटात नुसती भाकरी होती. राजमती ओल्या फडक्यात मनगट गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती.

"चटणी?" त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाचा अंदाज घेत विचारलं.

"शेंगदाणे भाजून ठेवल्यात. पाटा धुतलाय." महिनाभर गिळलेलं वाक्य तिने अगदी शांतपणे उच्चारलं. "आजपास्नं वाटायचं तुमी. बसा लवकर, दिवस बुडतोय."