नोव्हेंबरचं नंतर पाहू

करडीच्या कुंदनला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक आपल्या काळ्याभोर मिशीचा आणि दुसरा आपल्या हातानं लिहिलेल्या प्रोग्रामचा. गावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, आवतन सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर आपोआप जावं, म्हणून त्यानं पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला. मंडईला बारा दिवस होते, आणि यंदाचं आवतन साधंसुधं नव्हतं. मोहाडीचे वासुदेवराव आपल्या लेकीला, उर्वशीला घेऊन कुंदनचं स्थळ पाहायला येणार होते.

बहीण मोना मागे उभी राहून वाचत होती.

"दादा, तारीख मोजाले चाळीस ओळी काहून लिहून राहिला? पायथनसंगे तयार लायब्ररी येते ना! दोन ओळीचं काम हाये."

"तयार माल लोकायसाठी. आपन घरचंच वापरतो!"

"मंग सगळे महिने एकतीसचे काहून?"

"नंतर पाहू," कुंदन म्हणाला, आणि प्रोग्राममध्येही तसंच टिपण लिहून ठेवलं, 'नोव्हेंबरचं नंतर पाहू.'

बावीस नोव्हेंबरात बारा मिळवले, एकतीस वजा केले, उरले तीन. 'मंडई ३ डिसेंबरला, सहकुटुंब या' असं आवतन ऐंशी घरी गेलं. आता गावात तारीख पाहतो कोण? मंडई गुरुवारी, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक.

तीन डिसेंबर, बुधवार. कुंदन बनियनवर शिडी चढून ओसरीला चुना मारत होता. दारात टेम्पो थांबला. मग दुसरा. मामा उतरले, मावश्या उतरल्या, मावश्यांच्या नणंदाही उतरल्या.

"काय शेवंता, मंडई कुठं हाये?" मामांनी विचारलं.

"मंडई तं उद्या हाये!" कुंदनची आई शेवंताबाई शेणानं भरलेले हात घेऊन धावत आल्या.

"मंग आवतन आजचं कसं?"

सगळ्यांच्या माना शिडीकडे वळल्या. नेमकी तेव्हाच वासुदेवरावांची गाडी आली. कुंदन घाईघाईनं उतरायला गेला आणि चुन्याचा कुंचला तोंडावरून फिरला. मिशी पार पांढरी झाली.

"हे नवरदेवाचे वडील का?" वासुदेवरावांनी अदबीनं विचारलं.

"नवरदेवच व्हय तो!" शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला, तोही शेणाचा.

उर्वशी वरठीला मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. चहा झाल्यावर हा घोळ कसा झाला ते पाहायला तिनं लॅपटॉप मागितला. वाचता वाचता एका ओळीवर थांबली, ओठ दाबून हसली आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत बसली.

संध्याकाळी शेवंताबाईंना राहवेना. "बाई, काय विचार हाये तुझा?"

"नंतर पाहू," उर्वशी म्हणाली.

झालं! स्थळ पाहायला आलेली माणसं 'नंतर पाहू' म्हणाली की त्याचा अर्थ काय, हे कोणालाही सांगावं लागत नाही. कुंदनचं तोंड एवढंसं झालं. घरभर पाहुणे, चुलीवर भाताचं तिसरं गंज, पण त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते दोन शब्द मात्र गळ्याखाली उतरत नव्हते.

गुरुवारी मंडई दणक्यात भरली. सगळे तिकडे गेले, वासुदेवरावही मुलीला घेऊन गेले. कुंदन एकटाच घरी राहिला. मुकाट्यानं लायब्ररी वापरायची, असं ठरवून त्यानं लॅपटॉप उघडला. बघतो तर चाळीस ओळी गायब! तिथं लायब्ररीच्या दोनच ओळी होत्या आणि उत्तर बरोबर चार डिसेंबर येत होतं. 'नोव्हेंबरचं नंतर पाहू'च्या खाली नवं टिपण होतं.

'पाहिलं. नोव्हेंबर तीसचा हाये, आन पोरगा पसंत हाये. लग्नाची तारीख तेवढी घरची काढू नोका.'