थॅडियसचा उद्धार

"एका सकाळीत उरकतो बघ!" थॅडियसने रेकॉर्डिंगवाल्या डेलबर्टला छाती ठोकून सांगितलं. शेतातली गाणी, आपल्या दुःखाची ब्लूज गाणी आणि देवाची गाणी एकाच रेकॉर्डवर! आपली गिटार, लाकडी चर्चचा घुमारा आणि अर्लीनताईचा गळा. आणखी काय लागतं?

घोडं अडलं होतं ते ताईपाशीच. मिसिसिपीच्या त्या अख्ख्या मुलखात तिच्यासारखा आवाज नव्हता, पण ब्लूज म्हणजे सैतानाची बडबड म्हणून चाळीस वर्षांत तिने भावाचं एक गाणं ऐकलं नव्हतं. थॅडियसला मरायच्या आधी एकदा तिच्याबरोबर गायचं होतं. म्हणून पठ्ठ्याने थाप मारली, "सगळी भक्तिगीतंच आहेत, ये."

ताई आली, सोबत चर्चमधल्या चार म्हाताऱ्या आणि पाद्रीबुवा. डेलबर्टने माइक लावला. थॅडियसने गळा साफ करायला म्हणून सवयीने आपलं जुनंच गाणं धरलं: दारू प्यालो, बायको गेली, चूक माझीच.

"खरंय, देवा!" एक म्हातारी ओरडली.

"बोल बाळा, सगळं बोल!" दुसरी.

त्या चर्चमध्ये पुढे उभं राहून कुणी आपलं दुःख गायलं, की ती पापाची कबुलीच धरतात. तिसऱ्या कडव्याला ताईचा बांध फुटला.

"थॅड्या, झाला रे बाबा तुला पश्चात्ताप!"

"अगं ताई, हे नुसतं गाणं…"

"गप! पाद्रीबुवा, बाप्तिस्म्याचा हौद भरा!"

नाही म्हणावं तर ताई निघून जाणार! व्यासपीठाखालच्या फळ्या निघाल्या, तासाभरात हौद भरला, चौसष्ट वर्षांच्या थॅडियसला पांढरा झगा चढला. फेब्रुवारीचं पाणी ते! पाद्रीबुवांनी त्याला डोक्यासकट बुडवून वर काढलं, आणि ताई गायला लागली.

अहो, काय गायली! थॅडियस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तिच्याबरोबर गायला, कुडकुडत, रडत. असं सुख त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

"डेलबर्ट, घेतलंस ना सगळं?" हौदाबाहेर येत त्याने विचारलं.

डेलबर्ट टोपी छातीशी धरून डोळे पुसत होता. "बाप्तिस्म्याच्या वेळी मशीन चालू ठेवू? मी काय नास्तिक आहे, काका? केव्हाच बंद केलं!"

"ताई, तेवढं पुन्हा एकदा…"

"मागितलं म्हणून येत नसतं ते," ताई नाक पुसत म्हणाली. "तुझं पाप धुताना पाहिलं, म्हणून आलं."

थॅडियसने क्षणभर विचार केला. डेलबर्टला मशीन सुरू करायची खूण केली आणि झगा सावरत पुन्हा हौदात उतरला.

"पाद्रीबुवा," तो म्हणाला, "दुसऱ्या बायकोचं सांगायचं राहिलंच."