बारा ऊस आणि एक सही

साओ इल्देफोन्सोच्या बुधवारच्या बाजारात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सार्जंट क्लेबेर यांनी जेनिव्हाल दा कोन्सेसांव या रसवाल्याच्या डाव्या मांडीत गोळी झाडली. जेनिव्हाल त्या वेळी खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेले बारा ऊस घेऊन आपल्या चरकाकडे चालला होता. सार्जंटना ती बंदूक वाटली, आणि वाटणं हा आमच्या खात्यात पुरेसा आधार मानला जातो. बारा नळ्यांची बंदूक खांद्यावर टाकून कोणी कोबीच्या ढिगामधून कशाला जाईल, असा प्रश्न त्यांना पडला नाही. प्रश्न पडायला वेळ लागतो. गोळी सुटायला लागत नाही.

मी अदेमीर, इथल्या पोलीस ठाण्याचा लेखनिक. गेली एकोणीस वर्षं लोकांची दुःखं चार प्रतींत लिहून घेतोय. जप्तीचा पंचनामा अर्थातच माझ्याकडे आला. संगणकावर जप्त वस्तूसाठी पाच पर्याय होते: रायफल, पिस्तूल, चाकू, स्फोटक आणि इतर शस्त्र. ऊस नव्हता. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढच्या पानावर जाऊ देत नाही. मी जबाबदारीने 'इतर शस्त्र' निवडलं आणि संख्या टाकली, बारा.

एकदा शस्त्र लिहिलं की पुढचं सगळं आपोआप होतं. शस्त्र म्हणजे प्रतिकार, प्रतिकार म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे बेडी. गोळी काढून झाल्यावर शुद्धीवर आलेल्या जेनिव्हालचा हात इस्पितळाच्या खाटेला बेडीने अडकवलेला होता. पळून जाऊ नये म्हणून. पुढच्या गुरुवारी दुपारी दोनला न्यायाधीशांसमोर सुनावणी, आणि तिथे ठरणार होतं की तो घरी जाणार की तुरुंगात.

दुसऱ्या दिवशी जुरेमा आली. ही जेनिव्हालची थोरली बहीण. बाजारात त्याच्या चरकाला लागूनच तिची पेस्टेलची, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंज्यांची, कढई असते. दर बुधवारी कामावर यायच्या आधी मी तिच्याकडची चीजची पेस्टेल आणि त्याच्याकडचा रस घेतो. आमचं ठाणं दहाला उघडतं.

"अदेमीरभाऊ, ते शस्त्रबिस्त्र खोडा आणि ऊस लिहा," ती म्हणाली.

"खोडाखोड चालत नाही, ताई. दुरुस्तीपत्रक लावावं लागतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब, त्याखाली सही, आणि ती सही नोंदणी कचेरीतून खरी करून आणलेली."

"मी पाहिलंय की! तीन हातांवर तर होते."

"मग करा सही."

तिने केली आणि नोंदणी कचेरीत गेली. आमच्याकडे माणूस समोर उभा असला तरी त्याची सही त्याचीच आहे, हे कचेरीतल्या नमुना सहीच्या कार्डावरून ठरतं. जुरेमाचं कार्ड अकरा वर्षांपूर्वीचं. मध्यंतरी उकळत्या तेलाने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली, आणि अक्षरंही त्यांच्याबरोबर आखडली. कारकून म्हणाला, ही सही तुमची नाही.

"मी त्याला विचारलं, मग ही बोटं कोणाची आहेत, तुझ्या आजोबांची?" ती परत येऊन मला सांगत होती. "म्हणतो, नवं कार्ड काढा, एकवीस दिवस लागतील. तुम्हीच करा ना सही. तुम्ही होतात तिथे. हातात त्याच्याच रसाचा ग्लास होता, लिंबू पिळलेला."

हे खरं होतं. ग्लास माझ्या हातातून पडलासुद्धा होता.

"मी तेव्हा कामावर नव्हतो, ताई. लेखनिकाने कामाच्या वेळेबाहेर पाहिलेलं अधिकृत नसतं."

"आणि कामाच्या वेळेत?"

"कामाच्या वेळेत लेखनिक बाहेर नसतो."

"म्हणजे तुम्ही कधी काही बघतच नाही."

"नियमानुसार, नाही."

दुरुस्तीपत्रकाची घडी करून ती निघून गेली. बाजारात त्या सकाळी दोनशे माणसं तरी होती. एक तर सही मिळेलच, असं तिला वाटलं.

पण दोनशेच्या दोनशे माणसं तोवर कामात होती. सगळ्यांनी फोनवर चित्रण केलं होतं आणि सगळे त्याखाली आपापलं मत लिहीत होते. शनिवारपर्यंत शहराचे दोन तट पडले, ऊसवाले आणि बंदूकवाले. प्रेमाची गाणी म्हणणाऱ्या एका बाईने ओठांत उसाची कांडी धरून रडतानाचा फोटो टाकला. एका निवृत्त गोलरक्षकाने सांगितलं की अंगावर काही येत असेल तर आधी अडवायचं, ते काय आहे हे नंतर बघायचं. वाहिनीवर रोज संध्याकाळी 'ऊस की बंदूक?' हा कार्यक्रम लागू लागला. त्यात सगळे आले. जेनिव्हालला बोलवायचा विचार झाला होता, पण बेडीमुळे हात हलवता येत नाही, म्हणजे पडद्यावर जिवंतपणा येणार नाही, म्हणून तो बेत सोडून दिला.

जुरेमा मासेवाल्याकडे गेली. त्याच्या टोपलीवरच जेनिव्हाल कोसळला होता. तो म्हणाला, "अगं, मी त्याच दिवशी माझं मत देऊन मोकळा झालो. साडेचार हजार लोकांना आवडलं. आता परत सही कशाला? आपण तुझ्याच बाजूचे आहोत."

"बाजू नको रे, सही दे."

"ठाण्यात नाव जातं, जुरेमा. पोरंबाळं आहेत."

सोमवारी या वादात कायो मोन्तसेराते उतरले. 'निर्दय शहर' या मालिकेत ते सहा वर्षं पोलीस अधिकाऱ्याचं काम करतात. गर्द हिरवं चामड्याचं जॅकेट घालून ते कार्यक्रमात आले, पाय पसरून बसले आणि खर्जात म्हणाले, "मी या क्षेत्रात सहा वर्षं आहे. गोणपाटात काय असतं ते मला विचारा." कोणत्या क्षेत्रात, हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी खात्याने त्यांना तज्ज्ञ म्हणून पुरावा पाहायला बोलावलं.

इथे एक लहानशी अडचण होती. पुरावा जप्तीच्या खोलीत होता, खोली तापलेली होती, आणि रविवारच्या पहाऱ्यावरच्या मंडळींना तहान लागली होती. रविवार संध्याकाळी सात ऊस उरले, मंगळवारी एकही नाही. मी नोंदवहीत लिहिलं: 'शस्त्राचे स्वरूप बदलले आहे.' खोटं काहीच नव्हतं त्यात.

बुधवारी कायो मोन्तसेराते ठाण्यात आले. तेच हिरवं जॅकेट. आमचे प्रमुख डॉक्टर ऑस्मार दारात उभे होते. ठाण्याच्या प्रमुखाला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. अजून त्यांच्या हातून कोणी बरं झालेलं नाही. नटाने पिशवीतली चिपाडं बराच वेळ न्याहाळली.

"कसबी काम आहे," ते म्हणाले. "बंदूक इतकी बारीक करून टाकलेली मी फक्त एकदा पाहिलीय. दोनशे बाराव्या भागात."

डॉक्टर ऑस्मारांनी मान डोलावली. तो भाग त्यांनीही पाहिला होता.

आता मी जे केलं ते सांगतो. माझी मुलगी या नटावर लट्टू आहे. मी तिच्यासाठी सही मागितली. टेबलावर कोरा कागद नव्हता. हाताशी आला तो सार्जंट क्लेबेर यांचा जबाब, 'गोणपाटात मला बंदूक स्पष्ट दिसली' असा, आणि तो चार दिवस अडून होता, कारण खाली 'प्रत्यक्ष साक्षीदार' या शब्दांवरची रेघ मोकळी होती. रेघ दिसली की सही तिच्यावरच करायची, ही नटांची सवय. त्यांनी झोकात सही ठोकली, खाली एक बदामही काढला.

"अहो, हा कागद..." मी म्हणालो.

"असू दे," डॉक्टर ऑस्मार म्हणाले. "सही आहे ना?"

मी कागदावर जावक क्रमांक टाकला. कागद नोंदणी कचेरीत गेला. जुरेमाला परत पाठवणाऱ्या त्याच कारकुनाने कार्ड काढलंसुद्धा नाही. ही सही कोण ओळखत नाही, असं म्हणून त्याने शिक्का मारला आणि भिंतीवर लावायला एक प्रत काढून घेतली. घटनेच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नट महाशय दुसऱ्या एका वाहिनीवर अंडी तळून दाखवत होते. अर्ध्या देशाने ते पाहिलं होतं. न्यायाधीशांच्या बायकोनेही.

गुरुवारी दोन वाजता जेनिव्हालला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऊस होते, साहेब. बारा," तो म्हणाला. "तुम्ही मोजा हवं तर."

मोजायला काय उरलं होतं! जुरेमाने आखडलेली बोटं वर केली, तर तिला खाली बसायला सांगितलं. न्यायाधीशांनी जबाब वाचला, सहीपाशी थांबले आणि चष्मा वर केला.

"म्हणजे ते... ते स्वतः?"

"स्वतः आले होते," डॉक्टर ऑस्मार म्हणाले.

"हिरव्या जॅकेटात?"

"हिरव्याच."

निकाल चार मिनिटांत लागला. टाके ओले असतानाच जेनिव्हालला तुरुंगात नेलं. जाताना तो बहिणीला ओरडून सांगत होता की चरकाला तेल घाल, गंजेल.

कोर्टाच्या पायऱ्यांवर जुरेमाने मला गाठलं. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"बुधवारी या, अदेमीरभाऊ," ती म्हणाली. "चीजची पेस्टेल देईन. पैसे नको. तुम्ही ती कशी गिळता, एवढंच बघायचंय मला."

मी अजून गेलेलो नाही. मला लाज वाटते, आणि भीतीही वाटते. बाजाराच्या दिवशी मी मागच्या गल्लीने ठाण्यात येतो.

ही हकिकत मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली. ऐकून सगळे हळहळतात, नटाला शिव्या देतात, मला तर फारच देतात, आणि ते योग्यच आहे. मग मी त्यांना दोन साधे प्रश्न विचारतो. तुम्हालाही विचारतो, फक्त मागे जाऊन बघायचं नाही. नटाच्या जॅकेटचा रंग कोणता होता?

बरोबर. आता सांगा, जेनिव्हालला गोळी कोणत्या मांडीत लागली होती?