शालू उन्हात बघावा

लातुरात आलेल्या पाव्हण्यानं कापड कुठं घ्यावं, सोनं कुठं घ्यावं अन् चप्पल कुठं घेऊच न्हाई, हे अख्ख्या किल्लारीत एकाच माणसाला कळतं, असं किल्लारीतला एकच माणूस म्हणायचा. तो म्हणजे भीमाशंकर मामा. तिथल्या गंजगोलाईला, म्हणजे गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते फुटतात. बाहेरगावचा माणूस मधल्या देवीच्या देवळाला चार चकरा मारतो अन् पाचव्यांदा त्याच भेळवाल्यासमोर येतो. मामा म्हणायचा, "माझे डोळे बांधून सोडा. कोऱ्या कापडाचा वास आला की वळायचं, झालं."

म्हणून भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता.

भाची, अयोध्या, नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत अडकलेली. तिनं फोनवर मामाकडं एकच गोष्ट मागितली. साखरपुड्याला तिला पोपटी साडी नेसवली होती, अन् ते फोटो बघून होणारी सासू, मुरुडची नागाबाई, चारचौघींत बोलून गेली होती की पोरगी गुणाची हाय पण लई काळी दिसायली. अयोध्या दोन दिवस धड जेवली न्हाई. "मामा," ती म्हणाली, "मांडवात तरी त्या बाईनं माझ्याकडं बघून चांगलं म्हणावं, असा रंग बघा. बाकी मला काय नको."

मामानं शब्द दिला. शब्द द्यायला मामा कधीच मागं हटायचा न्हाई.

मुरुडकर दुपारी जीप घेऊन येणार होते. मामा अन् अयोध्याची आई केवळाबाई दोन तास आधीच कापड लाइनीतल्या एका दुकानात, चपला काढून गादीवर जाऊन बसले. बेत असा, की रंग आपण आधीच ठरवायचा अन् पाव्हणे आले की नुसतं बोट दाखवायचं. सेल्समननं शालूंचा डोंगर केला. केवळाबाईला सगळेच आवडले, म्हणजे काहीच कळेना. शिवाय ती गोरी. पोरीला काय खुलंल हे तिच्यावर कसं दिसणार?

तेव्हा मामाच्या डोक्यात उजेड पडला. भाची मामावर गेलेली. तोच रंग, तेच नाक. मिशा सोडल्या तर अयोध्याच.

"मला नेसव," मामा सेल्समनला म्हणाला.

सेल्समन दिवसाला पन्नास साड्या स्वतःच्या अंगावर लावून दाखवणारा. त्याला कसली लाज. त्यानं मामाचा खिसा रिकामा करून फोन केवळाबाईच्या पिशवीत टाकला, अन् शर्ट-पायजम्यावरूनच डाळिंबी शालू चापूनचोपून नेसवला. निऱ्या खोचल्या, पदराला पिन मारली. आरशात मामा बरा दिसला. पण मामा कच्चा गडी नव्हता. दुकानातले दिवे खोटं बोलतात, कापड उन्हात बघावं, असं तो जन्मभर लोकांना सांगत आलेला. केवळाबाई नको नको म्हणेपर्यंत तो दाराबाहेर पडला. सेल्समननं मागून एवढंच बजावलं, की काठ भुईला लावू नका. बहीण गादीवर बसलेली, मग माणूस पळून कुठं जाणार?

दारात ऊनच नव्हतं. वर ताडपत्र्या. दहा पावलांवर गोलाई होती, तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरची सावली. मामा अजून वीस पावलं गेला. तिथं ऊन सापडलं. त्यानं पदर मनगटावर घेतला अन् बघतच राहिला. रंग असा खुलला होता की मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी मांडवात राणी दिसणार होती.

मग तो मागं वळला अन् आलो कुठून तेच कळेना.

सोळा रस्ते, सोळाही सारखे. दुकानाची पाटी त्यानं वाचलीच नव्हती. खूण म्हणून समोरचा केळीचा गाडा धरला होता, अन् गाड्याला चाकं असतात. त्यानं वास घेऊन बघितला. भज्यांचा आला.

कुणाला विचारावं तर काय तोंडानं? शालू सोडावा तर वीस हजारांचा माल धुळीत. मामानं पदर डोक्यावरून पुढं ओढला अन् भिंतीकडं तोंड करून चालू लागला. मागून बाई, पुढून भीमाशंकर. सराफाच्या रखवालदारानं "या ताई" म्हणून दार उघडलं, अन् तोंड बघून लावून घेतलं. भुसार लाइनीतल्या हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवून बघितलं.

त्यात पायात चप्पल न्हाई अन् वैशाखातला रस्ता तव्यासारखा. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागला. देवळासमोर एका म्हातारीनं हे बघितलं अन् तिची खात्री पटली, की ह्याच्या अंगात आलंय. तिनं पाया पडून मामाचं कपाळ कुंकवानं भरलं अन् हात जोडून विचारलं, की लेकाला नोकरी कधी लागंल?

कुणी काही विचारलं की सांगून टाकायचं, हा मामाचा जन्माचा रोग.

"दिवाळीपर्यंत," मामा म्हणाला.

म्हातारीच्या मागं आणखी दोघी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मागं जीप थांबली. "ओ बाई, कापड लाइन कुठं हाय?"

मामानं वळायला नको होतं. पण लातूरचा पत्ता विचारला की त्याची मान आपोआप वळायची. जीपमध्ये नवरदेवाचा बाप ग्यानोबा होता, नागाबाई होती, अन् पाच पाव्हणे होते. मामाला वाटलं, ही गोलाई आत्ता दुभंगावी अन् आपल्याला शालूसकट पोटात घ्यावं.

"पाव्हणं," नागाबाई म्हणाली, "हे काय?"

खरं सांगायचं तर भाचीचा रंग माझ्यासारखा हाय, म्हणून बघायलाव, असं सांगावं लागणार. ते जगात एकाच बाईपुढं बोलायचं नव्हतं अन् तीच बाई समोर. शेवटी तो म्हणाला, "ऊन दाखवायलाव."

"कुणाला?"

"शालूला."

नागाबाई खाली उतरली. तिनं काठ हातात घेतला, मग मामाच्या मनगटाकडं बघितलं, मग परत काठाकडं. बाईला आपलं बोलणं आठवलं असावं, कारण तिची नजर एकदम खाली गेली. "गाडीत बसा," ती हळूच म्हणाली. "लोक बघायलेत."

मामाला निऱ्यांसकट जीपमध्ये चढवायला दोघं जण लागले. ग्यानोबानं तोंडात रुमाल कोंबला होता. दुकान तिथून चौथ्या रस्त्याला निघालं. पदराला कुंकू लागलेलं, म्हणून शालू परत ठेवायची सोय न्हाई. तोच बांधला.

मामानं लग्नाला आजारी पडायचं ठरवलं होतं. पण नवरीच्या मागं मामानंच उभं राहायचं असतं, तिथं बदली माणूस चालत न्हाई. गोलाईत कुणीतरी काढलेला व्हिडिओ तोवर किल्लारीपासून मुरुडपर्यंत फिरलेला. मामा उभा राहिला अन् दोन्ही बाजूंनी खुसखुस सुरू झाली. त्यानं अख्खं लग्न नवरीच्या टाचांकडं बघून काढलं.

अक्षता पडल्या. नागाबाई पुढं आली. तिनं सुनेची हनुवटी वर केली अन् लई वेळ बघितलं. अयोध्यानं श्वास रोखलेला मामाला मागून कळला.

"शोभायली माझी सून," नागाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मामानं महिन्याभरात पहिल्यांदा मान वर केली. हात मिशीकडं गेला.

तेव्हा नागाबाई त्याच्याकडं वळली, अन् आवाज जराही खाली न आणता म्हणाली, "पण खरं सांगू का पाव्हणं, तुमच्यावर जास्त खुलला होता."

अख्खा मांडव हसला. सगळ्यात आधी नवरी हसली.