भगवानरावांचा न झालेला अपघात

सकाळी साडेदहाला भगवानरावांना फोन आला. कंपनीच्या टेक्निकल सपोर्टमधून बोलतोय, तुमच्या मोबाइलात व्हायरस शिरलाय, असं पलीकडचा म्हणाला आणि या सद्गृहस्थाने त्याला आधी चहा झाला का ते विचारलं. राळेगाव तालुक्यातल्या माणसाची ही खोडच, करता काय! मग त्याने सांगितलेलं ॲप घेतलं, सहा आकडे वाचून दाखवले आणि वर आभारही मानले. मागच्या ग्रामसभेत टेबलावर हात आपटून ‘ओटीपी कोणाले सांगू नका’ म्हणणारे हेच भगवानराव बरं का.

पाचव्या मिनिटाला व्हॉट्सॲप बंद पडलं. सून वैष्णवीने सासऱ्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. इंटरनेट बंद केलं, बँकेला सांगून खातं गोठवलं, सायबरवाल्यांकडे तक्रार नोंदवली. वाघीण आहे पोरगी, उगीच कौतुक करत नाही मी. खात्यातला रुपया हलला नव्हता. तेवढ्यात शेजारचे नागोराव धापा टाकत आले आणि धडधाकट भगवानरावांना पाहून ओट्यावरच बसले. त्यांना भगवानरावांच्याच नंबरवरून मेसेज आला होता. अपघात झाला, दवाखान्यात आहे, वीस हजार लगेच पाठवा.

भगवानरावांचं तोंड उतरलं. स्वतःचं गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आपल्या नावावर दुसऱ्याच्या घामाचा पैसा गेला, तर गावात तोंड कसं दाखवायचं? ढाणकीच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तर पाठवलेच असणार. तिचा फोन लागेना.

दुपारपर्यंत अंगणात जत्रा भरली. आमच्याकडे दुखण्यात माणसाला फोनवर विचारून भागत नाही, जावंच लागतं. कोणी भाकरी-पिठलं आणलं, कोणी शहाळी. भगवानरावांच्या पत्नी विमलताईंनी पाचव्यांदा चहाचं आधण ठेवलं आणि ‘बरे आहेत हो’ सांगून सांगून त्यांचा घसा बसला. इतक्या लांबून डबा घेऊन यायचं आणि माणूस धड निघायचा, याचं एकदोघांना जरा वाईटही वाटलं.

संध्याकाळी वैष्णवीने व्हॉट्सॲप परत मिळवलं. मग ज्याने त्याने आपापला मोबाइल काढून चोराशी झालेलं बोलणं वाचून दाखवलं. कोणता दवाखाना, वार्ड कोणता, हात मोडला का पाय, भाकर चालते का पोळी? सत्तर जणांनी चोराला भंडावून सोडलं होतं, पैसे एकानेही पाठवले नव्हते. शेवटी त्यानेच सगळ्यांना कळवलं होतं, ‘मी आता बरा आहे. कृपया कोणी येऊ नका.’

भगवानरावांचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच त्यांना रागही आला.

“एकानंही नाही पाठवले? खरंच मरून राह्यलो असतो तं?”

आक्का तेव्हाच दारात आली होती. दोन एसट्या बदलून. तिने आधी भावाचे हातपाय चाचपले, डोक्याला खोक नाही ना पाहिलं. मग कमरेची पिशवी सोडून नोटांची गुंडाळी त्याच्या हातावर ठेवली.

“माणूस डोयानं पाह्यल्याबिगर पैसा कोनाच्या हाती देऊ? घेऊन आली ना मी.”

नागोरावांनी मान खाली घालून सकाळीच सोबत आणलेलं पैशांचं पाकीट खिशातून काढलं. मग बाजेवरच्या आणखी चौघांनी. भगवानरावांना हुंदका आवरेना.

“रडू नको बाप्पा,” आक्का म्हणाली, “लोकं म्हणतीन, खरंच लागलं.”