खाली नाव लिहा

आमच्या शाळेत झेरॉक्स मशीनपेक्षा देवरे सरांची धास्ती जास्त. मशीन निदान अधूनमधून बंद तरी पडतं.

सर भूगोलाचे, मूळचे सटाण्याचे. मशीनवर कागद ठेवला रे ठेवला की मागून आवाज येतो, "कोणाचं आहे हे? खाली नाव लिहा." अहो, आम्ही अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांची पोरं शिकवतो, ग्रंथ नाही छापत! एकदा मी अपूर्णांकांचं एक पान काढत होते, तर म्हणाले, "वर्गापुरतं घ्या बाई, कायदा शिक्षकाला आडवा येत नाही. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विकलंत तर चोरी." मी कशाला विकतेय? मला घरचा डबा करायला वेळ मिळत नाही.

गॅदरिंगला पोरं सिनेमातल्या गाण्यावर नाचली, तेव्हा सर पुढे बसून टाळ्या वाजवत होते. "आपलीच पोरं, आपलेच पालक. चालतं." तोच नाच यूट्यूबवर टाकायला खेळाच्या सरांनी मोबाईल काढला मात्र, हे टाळी अर्धी सोडून उठले. मोठ्या बाईंनी ग्रुपवर सुविचार टाकला की खाली यांचं ठरलेलं, "कोणाचा?" शेवटी बाईंनी त्यांना ग्रुपमधून काढलं. तेव्हापासून सर ऑफिसात जाऊन तोंडी विचारतात.

असा माणूस, आणि गेल्या महिन्यात शाळेत कॉपीराइटवरच कार्यशाळा! सर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. तज्ज्ञ म्हणून कुठल्याशा क्लासचे एक चकचकीत गृहस्थ आले होते. पडद्यावर त्यांनी नद्यांची एक बालकविता दाखवली.

'इगतपुरीची दारणा आली, भिजल्या अंगानं...'

खाली मोठ्या अक्षरात: कवी अज्ञात. "असं असलं की निर्धास्त वापरायचं," गृहस्थ हसत म्हणाले. "आमच्या ॲपवर तुफान चालतेय."

सर उभे राहिले. राग अनावर झाला की ते गावच्या बोलीवर जातात. "अज्ञात कशी? मनी बायकोनी कविता शे ती!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांच्या पत्नी सुनंदाबाई आमच्याच शाळेत चौथीला शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी वारल्या. आता निम्मा स्टाफ नवा, त्यांना काय ठाऊक.

"छापलीय का कुठे? काही पुरावा?" गृहस्थांनी विचारलं.

जन्मभर दुसऱ्यांना नाव विचारणाऱ्या माणसाजवळ बायकोच्या नावाचा एक कागद नव्हता. सर हळूच म्हणाले, "ती फळ्यावर लिहायची. तास संपला की पुसायची."

मी उठून सांगितलं, मी सुनंदाबाईंच्याच तोंडून ऐकलीय ही कविता. "ऐकलंय हा पुरावा नसतो, मॅडम," गृहस्थ म्हणाले. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, पाहुण्यांच्या वेळेचा विचार करा, बसा." आणि सर बसले. इतका संताप आला मला! समारोपात त्या माणसाला शाल दिली, श्रीफळ दिलं. सरांनी चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सातवीवर सरांच्या तासानंतर माझा तास होता. गेले, तर फळ्यावर ती अख्खी कविता. अक्षर सरांचं, खाली नाव सुनंदा देवरे. दारात खडूचे हात झटकत सर उभे होते.

"कॉपीराइट असा फळ्यावर लिहून सिद्ध होत नाही, माहितीय मला," ते म्हणाले. "पण बाई, घरात आता तिचं नाव घ्यायला दुसरं कोणी नाही. पुसा तुम्ही. तुमचा तास आहे. ती पण पुसायची."

मी डस्टर उचललं आणि ठेवून दिलं. कोपऱ्यात उरलेल्या जागेत अपूर्णांक शिकवले, अक्षर बारीक करून.

पुढचा तास इंग्रजीच्या नव्या बाईंचा. त्या आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि न वाचताच सगळा फळा पुसला.